हिरव्या भिंतीचा जाब

आमच्या गावच्या पाटलांनी मला फसवले. देवासमोर बेलभंडारा उचलून फसवले, आणि मी विलायतेत चर्चच्या भिंती पाहत हिंडत होतो त्या वर्षात फसवले. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण गावात इतकी वर्षे नेमके उलटे सांगितले जाते आणि ऐकणारे माना डोलावतात.

मी मुळशीकडच्या डोंगरवाडीतला. वाडी म्हणजे सतरा-अठरा घरे, खालच्या गावापासून दोन तासांच्या चढावर. लहानपणी आईबरोबर रानात हिरडा वेचला. मिसरूड फुटल्यावर वेचणाऱ्यांचा हिरडा विकत घेऊन पौडला नेऊन विकू लागलो. पुढे पुण्यातल्या एका पेढीला थेट माल देऊ लागलो. हिरड्याने कातडे कमावतात, आणि आमचा हिरडा बोटीने विलायतेला जायचा. तिकडून दर खेपेला कळवत, मालात कातडे कमावणारा कस कमी आहे, भाव पाडा. कस मोजतात कसा, हे इकडे कुणालाच ठाऊक नव्हते. मी पेढीच्या मालकाला म्हणालो, मला तिकडे पाठवा, मोजायला शिकून येतो, मग बघू कोण कुणाचा भाव पाडतो. त्याने वर्षभर टाळले. मी वर्षभर रोज विचारले. शेवटी मला गप्प करायला बोटीचे तिकीट परवडेल असे त्याला वाटले असावे. चामडे कमावण्याच्या कॉलेजात एक वर्षाचे शिक्षण ठरले. मॅट्रिक मी तिसऱ्या खेपेला झालो होतो, पण झालो होतो.

आता भिंत. गावाची चांगली जमीन धरणाच्या पाण्यात गेली, पण भैरोबाचे देऊळ चढावर होते म्हणून वाचले. त्या देवळाच्या मंडपात डाव्या हाताच्या भिंतीवर जुने चित्र होते. गेरूचा लाल, निळीचा निळा आणि काजळीचा काळा, एवढेच रंग. देवाकडे निघालेली माणसांची रांग. सगळ्यांत पुढे डोक्यावर हिरड्याच्या पाट्या घेतलेल्या सहा बाया, काष्टा घातलेल्या, अनवाणी. त्यांच्यामागे कावडीवाले, आणि त्यांच्याही मागे पागोटे घातलेला एक घोडेस्वार. घोडेस्वार म्हणजे आपला मूळपुरुष, असे पाटील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तसे असेल तर त्यांचा मूळपुरुष आमच्या बायांच्या मागून देवळात येत होता.

प्रत्यक्षात काय चाले? यात्रेत पहिला नारळ पाटलांचा, मग भावकीचा, मग गावाचा, आणि डोंगरवाडीचा अगदी शेवटी, तोवर देवही कंटाळलेला. आमच्या बाया तर मंडपात येतच नसत. पायरीखाली, लोकांच्या वहाणांशेजारी उभ्या राहून हात जोडत. चित्र काढणाऱ्याला गावचे मानपान ठाऊक नसावेत, किंवा फार चांगले ठाऊक असावेत. आई मला पायरीवरून बोट दाखवून सांगायची, "त्या बघ आपल्या. आत हायेत."

यात्रेआधी गुरव दरवर्षी देवळाला चुना मारायचा. चित्र सोडून मारायचा, असे तो म्हणे. पण कुंचा तर कुंचा, थोडा चित्रावर चढायचाच. मी विलायतेला निघालो त्या वर्षी पहिली बाई कमरेपर्यंत चुन्यात बुडाली होती. मी परत येईतो ती गळ्यापर्यंत जाणार, हे उघड होते. म्हणून मी सौदा केला.

त्या वर्षी देवळाची कौले उतरवून पुन्हा चढवायची होती. इतक्या उंचावर बिनघोर चालणारी माणसे फक्त आमच्या वाडीत. मी देवळात पंचांसमोर पाटलांना सांगितले, वाडी कौले चढवील, पण भिंतीला चुना लावायचा नाही.

"आरं, चित्राला हात लावतोय कोन? तू जा बिनघोर," पाटील म्हणाले.

"असं नको पाटील. बेलभंडारा उचला."

"माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"हाय की. म्हनून तर देवाम्होरं घेतोय. इस्वास नसता तर कागुद केला असता."

पंच हसले. पाटील हसले नाहीत. देवापुढचा बेल आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन ते म्हणाले, "ह्यो माघारी येईस्तवर ह्या भित्तीला चुन्याचा कुंचा लागनार न्हाई." हे शब्द मी आदल्या दिवशी जुळवून आणले होते आणि त्यांच्याकडून जसेच्या तसे वदवून घेतले. सौद्यात शब्द नेमका असावा, अशी माझी ख्याती होती. मी छाती काढून बोटीत चढलो.

विलायतेत मी ज्या गावी होतो तिथे कातड्याचे कारखाने होते. तिथली हवा शिकायला कॉलेजात जावे लागत नसे, खिडकी उघडली की पुरे. घरमालकीण रविवारी सकाळी मला पाव आणि अंडे देई आणि खोलीला वारा लागायला हवा म्हणून संध्याकाळपर्यंत बाहेर काढी. रविवारी तिकडे सगळे बंद. दुकान बंद, चहा बंद, माणसाचे तोंडही बंद. उघडे काय, तर चर्च. म्हणून मी चर्चमध्ये गेलो. थंडी वाजत होती आणि आत बसायला कुणी काही मागत नव्हते. माझ्या कलाप्रेमाचा उगम एवढाच आहे. ज्यांना तो फार थोर हवा असेल त्यांनी दुसऱ्याच्या आठवणी वाचाव्यात.

पण एकदा आत बसलो की डोळे मिटून बसणारा मी नव्हे. मोठ्या चर्चच्या काचा इतक्या रंगीत की ढगाळ दिवशीही फरशीवर निळे-तांबडे डाग पडत. दगडी सरदार आपल्याच थडग्यांवर उताणे निजलेले, पायाशी दगडी कुत्रे. गायकांच्या लाकडी आसनांची फळी उचलली की खाली कोरीवकाम. एका फळीखाली कोल्हा पाद्र्याचा झगा घालून उपदेश करतो आहे आणि पुढे बदके चोची वर करून ऐकताहेत. सहाशे वर्षांपूर्वीच्या सुताराने पाद्र्याच्याच बुडाखाली हे कोरून ठेवले आणि मजुरीही घेतली. त्या सुताराशी सौदा करायला मला आवडले असते.

दारात चित्रांची पोस्टकार्डे मांडलेली असत आणि शेजारी एक पेटी. कार्ड घ्या, पैसे पेटीत टाका. विकणारा कुणी नाही. मी पहिल्या दिवशी बराच वेळ तिथे उभा होतो. घासाघीस करावी तर कुणाशी? पेटीशी? इतके अपमानास्पद दुकान मी दुसरे पाहिले नाही. गुमान पूर्ण किंमत टाकली. आयुष्यात पहिल्यांदा.

एक गोष्ट मला खटकत होती. बऱ्याच चर्चमधल्या दगडी संतांना नाके नव्हती, काहींना डोकीच नव्हती. मी कॉलेजातल्या एका मास्तरांना विचारले, तुमच्यावर कुणाची स्वारी आली होती? ते ओशाळून म्हणाले, स्वारी नव्हे, आमच्याच लोकांनी फोडली, धर्म सुधारत होते. मूर्ती फोडायला परका लागतो, अशी माझी आपली अडाणी समजूत होती.

त्यांनीच मला सांगितले की बसने तासाभरावर एका खेड्यात लहानसे चर्च आहे, तिथे भिंतीतून जुने चित्र बाहेर काढताहेत. मी पुढच्याच शनिवारी गेलो. परांचीवर चढलेला एक म्हातारा कारागीर भिंतीशी नाक लावून पातळ पात्याने पांढरा थर उडवत होता. नखाएवढा तुकडा खाली पडला. मी तो बोटांत चुरगळला आणि जिभेला लावला. चुना. आमच्या गुरवाचाच म्हणा ना.

खाली उभ्याउभ्या मी चित्र पाहिले. निवाड्याचा दिवस होता. एका देवदूताने ताजवा धरलेला, एका पारड्यात माणसाचा जीव, आणि दुसऱ्या पारड्याला एक भूत लोंबकळून खाली ओढत होते. मला हसू आवरेना. हिरड्याच्या खरेदीत पारड्याला गुडघा कसा लावतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पलीकडे एका दारू विकणाऱ्या कलालणीला भुते खांद्यावर टाकून नरकात नेत होती आणि तिच्या हातात खोटे माप होते. चर्च त्यांचे, देव त्यांचा, पण ही माणसे माझ्या बाजारातली होती.

म्हाताऱ्याला मी म्हणालो, मला वर यायचे आहे. तो म्हणाला, नाही. मी म्हणालो, चार शनिवार तुमचा दिवा धरतो, पाचव्या शनिवारी एक तास पाते माझ्या हातात. तो वरूनच म्हणाला, आठ शनिवार आणि अर्धा तास. मला फार बरे वाटले. त्या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझ्याशी माणसासारखे बोलत होते. सहा शनिवार आणि पाऊण तास यावर सौदा ठरला.

त्या सहा शनिवारांत मी जे शिकलो ते कॉलेजात वर्षभर शिकलो नाही. म्हातारा सांगे, राजाचा हुकूम आला तेव्हा या गावच्या लोकांनी स्वतःच्याच चित्राला चुना फासला. ज्याने फासला तो आळशी होता, म्हणून पातळ फासला. देव त्याचे भले करो. चुना चित्राच्या अंगावर बसतो, अंगात शिरत नाही. आज ना उद्या कुणीतरी धीराने बसले, तर तो सुटून येतो आणि खाली चित्र आहे तसे असते. माझ्या पाऊण तासात मी एका बाईची हनुवटी मोकळी केली. चारशे वर्षे ती चुन्याखाली होती आणि तिच्या ओठांचा गेरू ओला वाटावा इतका ताजा होता. मी पाते खाली ठेवले. मी आमच्या देवळातल्या त्या चुन्यात बुडालेल्या बाईचा विचार करत होतो. ती मेली नव्हती. कमरेवरची तर जिवंत होतीच, पण चुन्याखालचीही जिवंत होती.

मग म्हाताऱ्याने मला शेजारच्या खेड्यातले चर्च दाखवले. तिथले चित्र काळेठिक्कर, वर चकाकी. कुणा भल्या माणसाने चित्र टिकावे म्हणून त्यावर तेल आणि मेण चढवले होते. "हे गेले," म्हातारा म्हणाला. "तेल चित्राच्या अंगात शिरते. आता एक ओढले तर दुसरे बरोबर येणार. शत्रूने चुना लावला ते वाचले. मित्राने तेल लावले ते मेले."

मी त्या दिवशी घामाघूम झालो, तिथल्या थंडीत. कारण बेलभंडाऱ्यात मी चुना बांधला होता आणि तेल मोकळे सोडले होते. इतका नेमका सौदा, आणि चुकीच्या वस्तूचा.

खोलीवर येताच मी पाटलांना पत्र लिहिले. शब्द आजही पाठ आहेत. 'चुन्याची अट मी मागे घेतो. चुना मारायचा तर पातळ मारा, चित्रावर गेला तरी चालेल. पण दारे-खिडक्यांना लावतात तो तेलाचा रंग त्या भिंतीला चुकूनही लावू नये. तो एकदा लागला की कधी निघत नाही.'

महिन्याने उत्तराचे कार्ड आले, शाळामास्तरांच्या हातचे, पाटलांच्या वतीने. 'पत्र पावले. चावडीत सर्वांसमोर वाचले. आपल्या सूचनेप्रमाणे काम करून घेत आहोत. काळजी नसावी.' मी ते कार्ड म्हाताऱ्याला नेऊन दाखवले, मोठ्या दिमाखात अर्थ सांगितला. तो म्हणाला, तुमचे लोक आमच्यापेक्षा शहाणे आहेत. मी होय म्हणालो.

शिकून परत आलो. पौडपर्यंत एस.टी.ने आणि पुढे पायी, तसाच देवळात गेलो. मंडपात पाऊल टाकले आणि डाव्या भिंतीत मला माझेच तोंड दिसले. भिंत खालपासून वरपर्यंत पोपटी हिरवी. तेलाचा रंग, दोन हात चढवलेला, चकचकीत. गुरव कौतुकाने म्हणाला, "बगा, फडक्यानं पुसलं का झालं. चुन्याची कटकट ग्येली."

मी पाटलांच्या ओसरीवर गेलो. गेलो म्हणजे धावत गेलो, आणि पहिले काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

"जरा दमानं घ्या, विलायतवालं," पाटील पान लावता लावता म्हणाले. "चुना लागला का भित्तीला? न्हाई ना? बेलभंडारा पाळला मी."

"मी पत्रात काय लिहिलं होतं?"

"तुमीच लिवलं, लागला का कदी निगत न्हाई. सगळ्यांनी आयकलं. म्हनलं, बेस झालं! दर साली कोन चुना मारीत बसतंय? आमाला कुटं ठावं हुतं दारांचा रंग भित्तीलाबी चालतुया. ह्यो शोध तुमचा."

"लावू नका म्हणून लिहिलं होतं!"

"त्ये मास्तरला इचारा. वाचनाऱ्यानं वाचलं, आयकनाऱ्यानं आयकलं. रंगानं चित्र मरतं ह्ये आमा अडान्यास्नी काय ठावं? लेकीचं लगीन हुतं मंडपात, घराच्या दारांचा रंग उरला हुता. आनि कसं, उगा तुमचा शब्द खाली का पडू द्यावा?"

मास्तरांची तर कधीच बदली झाली होती. ओसरीवर बसलेली चार माणसे हसली. मीही जवळजवळ हसलोच असतो. इतका चोख डाव मी स्वतः दहा वर्षांत टाकला नव्हता. क्षणभर मलाही वाटले, खेडूत माणसे, नसेल कळले.

पण मी पुन्हा देवळात गेलो आणि या खेपेला भिंत नीट पाहिली, म्हाताऱ्याने शिकवले तशी, नाक लावून. रांगेच्या मागच्या टोकाला हिरवा रंग थांबला होता. तिथे दोरी धरून सरळ रेघा मारलेल्या, चारी बाजूंनी तांबडी चौकट, आणि चौकटीत घोडेस्वार. पागोटे, मिशी, घोड्याचे चारी पाय, सगळे शाबूत. शिंतोडासुद्धा उडालेला नाही. म्हणजे तेलाचा रंग चित्राला काय करतो हे ओसरीवर पक्के कळले होते. ज्याला वाचवायचे त्याला वाचवले होते. सहा बाया आणि कावडीवाले हिरव्याखाली गेले आणि मूळपुरुष एकदाचा रांगेत पहिला आला.

आणि चौकटीखाली, तांबड्या अक्षरांत, माझे नाव. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. 'यांच्या विलायतेहून आलेल्या सूचनेवरून रंगकाम केले.'

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. आई तोवर राहिली नव्हती, मावशी होती. तिने पाणी दिले नाही. उंबऱ्यात बसून होती, तिथूनच म्हणाली, "पुसल्यास व्हय रं आपल्या बाया?"

"मावशे, मी न्हाई. पाटलानं."

"नाव तुजं हाय म्हनं."

"तुला कुटं वाचता येतं?"

"मला न्हाई येत. म्हनून तर शिकलास नव्हं तू?"

मी विलायतेहून एक पाते आणले होते, म्हाताऱ्याने निरोप देताना दिलेले. ते घेऊन गुरवाला न विचारता भिंतीपुढे बसलो. पहिली बाई जिथे होती तिथे हिरव्या रंगाखाली पाते सरकवले. पापुद्रा सुटला, मऊ, अखंड, हाताएवढा. मी तो उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला गेरूत पाटीची कड होती, निम्मे कपाळ आणि एक डोळा. भिंतीवर मागे नुसती माती राहिली होती. मी पाते पुसून खिशात ठेवले आणि पुन्हा त्या भिंतीला हात लावला नाही. तो पापुद्रा मावशीला दाखवावा असे मनात आले होते. दाखवला असता तर तिने काय म्हटले असते ते कळत होते, म्हणून दाखवला नाही.

पुढे मी हिरड्याचा कस मोजून भाव पाडणाऱ्यांना वठणीवर आणले. पिरंगुटला जागा घेतली, घर बांधले. माणसे मला हुशार म्हणतात. पण यात्रेला वाडीच्या म्हाताऱ्या पायरीखाली उभ्या असतात आणि मी समोर आलो की पदर ओढून घेतात. मंडपात येणारा प्रत्येक शिकलेला पोरगा माझे नाव मोठ्याने वाचतो.

पाटील आहेत अजून. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसतात, ऐकू कमी येते म्हणतात, पण सोयीचे सगळे ऐकू येते. हे लिहिलेले कुणीतरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, आणि या खेपेला मधली एकही ओळ गाळू नये. मला नुकसानभरपाई नको, माफी नको, माझे नाव पुसायलाही मी सांगत नाही. मला एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे, आणि ते मला एकट्याला ओसरीवर देऊन चालणार नाही. यात्रेच्या दिवशी, वाडीच्या बायांना पायरीवरून मंडपात बोलावून, त्यांच्या तोंडावर द्यावे. पाटील, रंग काय करतो हे ठाऊक नव्हते म्हणता, तर घोड्याभोवती ती दोरी कुणी धरली? तुम्ही धरली, की धरायला सांगितली? बोला.